कॅमेरा कुठे उभा होता?

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब चित्रित केलेला असेल, तर तो पाहणाऱ्याचे मत कॅमेऱ्याच्या जागेमुळे बदलते का, या एका प्रश्नाचा पाठपुरावा अमेरिकेतील ओहायो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डॅनियल लॅसिटर यांनी अनेक वर्षे केला. त्यांच्या प्रयोगांत एकच चौकशी तीन जागांवरून चित्रित केलेली असे. एका चित्रफितीत फक्त संशयिताचा चेहरा दिसे, दुसरीत मुख्यतः चौकशी करणारा अधिकारी, आणि तिसरीत दोघेही सारख्या प्रमाणात. शब्द तेच होते आणि आवाजही तोच होता. तरीही ज्यांनी केवळ संशयिताचा चेहरा पाहिला, त्यांना कबुलीजबाब अधिक स्वेच्छेने दिलेला वाटला. ज्यांच्यासमोर दोघे होते, त्यांना अधिकाऱ्याचा दबाव सहज जाणवला. पुढच्या प्रयोगांत असेही दिसले की न्यायाधीश आणि पोलीस अधिकारी, ज्यांचे रोजचे कामच कबुलीजबाब तोलण्याचे आहे, तेही या परिणामातून सुटत नाहीत.

सिनेमाच्या सेटवर काम केलेल्या कोणालाही याचे नवल वाटणार नाही. कॅमेरा दोन पावले डावीकडे सरकवला की प्रसंगाचा अर्थ बदलतो, हे तिथे अगदी सुरुवातीलाच कळते. म्हणून तर एखाद्या शॉटसाठी कॅमेऱ्याची जागा शोधण्यात जेवढा वेळ जातो, तेवढा पुष्कळदा तो शॉट घेण्यातही जात नाही. अडचण अशी की हे ज्ञान सेटवरच राहिले आणि कॅमेरा मात्र बाहेर पडला. तो खिशात आला, दारावर आणि खांबावर बसला, गाडीच्या काचेमागे गेला, पोलिसाच्या छातीवर चढला आणि आता चष्म्याच्या चौकटीतही शिरला. तिथे त्याने टिपलेले दृश्य आपण ‘जे घडले ते’ म्हणून मान्य करतो. माझे म्हणणे असे आहे की कॅमेऱ्यासंबंधी आपण न्यायालयात, बातम्यांत आणि घरातही जो प्रश्न सर्वांत आधी विचारतो, तो अपुरा आहे. चित्र खरे की खोटे, एवढ्यावर आपण थांबतो. कॅमेरा कुठे उभा होता, तिथे तो कोणी उभा केला, तो केव्हा सुरू झाला आणि केव्हा थांबला, आणि चित्रण आता कोणाच्या ताब्यात आहे, हे प्रश्न त्याच्या आधीचे आहेत. त्यांची उत्तरे मिळाल्याशिवाय अस्सल चित्रसुद्धा आपली दिशाभूल करू शकते.

अस्सल चित्र दिशाभूल कशी करते, याचे पहिले उदाहरण छायाचित्रणाच्या जन्मातच सापडते. 1838 मध्ये लुई दागेर यांनी पॅरिसमधील बुलेव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचे चित्र खिडकीतून घेतले. रस्ता वाहता होता, पण चित्र उमटायला काही मिनिटे लागत असल्यामुळे चालणारी माणसे आणि धावणाऱ्या घोडागाड्या चित्राच्या धातूच्या पत्र्यावर उमटल्याच नाहीत. बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एक माणूस पाय न हलवता उभा राहिला होता, तो मात्र राहिला, आणि त्याच्या पायाशी वाकलेल्या माणसाची अस्पष्ट आकृती राहिली. त्या चित्रात कोणी काही खोडले नव्हते, काही जोडले नव्हते. तरीही त्यावरून त्या सकाळी रस्त्यावर किती माणसे होती हे ठरवायला बसलेला माणूस प्रामाणिकपणे चुकेल. जो स्थिर राहू शकतो तोच दिसतो आणि जो धावपळीत आहे तो पुसला जातो, हा त्या यंत्राचा स्वभाव होता, आणि तो स्वभाव ठाऊक नसलेल्या माणसाला रस्ता रिकामाच दिसतो.

यंत्रे सुधारली, पण स्वभाव असणे संपले नाही. चित्रपटाचा कॅमेरा सेकंदाला 24 चित्रे घेतो आणि नेहमीच्या मांडणीत प्रत्येक चित्रासाठी शटर सेकंदाचा सुमारे 1/48 भाग उघडे असते. याचा अर्थ, घडणाऱ्या घटनेचा जवळजवळ अर्धा काळ कॅमेऱ्याचा डोळा मिटलेला असतो, आणि मधली पोकळी आपला मेंदू न कळत भरून काढतो. डिजिटल सेन्सरची गोष्ट तर त्याहून विलक्षण आहे. ब्राइस बायर यांनी 1976 मध्ये पेटंट मिळवलेली रंगीत जाळी आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे, आणि तिच्यामुळे सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा आणि निळा यांपैकी एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून हिशेबाने काढले जातात. आपण ज्याला निर्भेळ छायाचित्र म्हणतो त्यातली रंगाची दोन तृतीयांश माहिती अशी अंदाजाने, अर्थात फार चांगल्या अंदाजाने, भरलेली असते. मोबाइल फोन त्यापुढे जाऊन लागोपाठ घेतलेली अनेक चित्रे एकत्र करतो, सावल्या उजळवतो, अंधारातले दाणे पुसतो आणि मग आपल्यासमोर एक चित्र ठेवतो.

चेहऱ्याच्या बाबतीत तर केवळ अंतरच पुरेसे असते. हात लांबवून, म्हणजे साधारण 30 सेंटिमीटरवरून घेतलेल्या सेल्फीत पुरुषांच्या नाकाची रुंदी दीड मीटरवरून घेतलेल्या छायाचित्राच्या तुलनेत सुमारे 30 टक्क्यांनी अधिक भासते, असे अमेरिकेतील शल्यचिकित्सकांनी 2018 मध्ये गणिताने दाखवून दिले. सेल्फीतले आपले नाक पाहून ते कापून लहान करून घेऊ इच्छिणारे रुग्ण त्यांच्याकडे येऊ लागले होते, म्हणून त्यांना हा हिशेब मांडावा लागला. कॅमेरा कुठे उभा होता हा प्रश्न न विचारल्यामुळे माणसे स्वतःच्या चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून घ्यायला निघतात, ही गोष्ट मला कोणत्याही सिद्धांतापेक्षा जास्त अस्वस्थ करते. आणि हा पक्षपात केवळ अंतराचा नसतो. विसाव्या शतकात रंगीत फिल्मच्या छपाईचे रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांत जे नमुनाचित्र वापरले जाई, त्यात दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचेच चित्र असे. सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या छटा त्यामुळे नीट उमटत नसत. इथे कॅमेरा कुठे उभा होता याचे उत्तर फिल्मच्या रसायनातच लिहिलेले होते, आणि ते चित्र घेणाऱ्यालाही माहीत नसे.

सिनेमाने या मर्यादांना आपले साधन केले. ल्युमिएर बंधूंनी 1895 मध्ये आपल्याच कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचे चित्रण केले, आणि जणू सहज दारात उभे राहून टिपलेले हे दृश्य पुढे वास्तवचित्रणाचा आरंभ म्हणून ओळखले गेले. पण त्याच्या तीन आवृत्त्या उपलब्ध आहेत. एकीत एक घोडा आहे, दुसरीत दोन आणि तिसरीत एकही नाही. फाटक उघडणे आणि ठरलेल्या वेळात सर्वांनी बाहेर पडणे हे पुन्हा पुन्हा करून घेतले गेले, कारण फिल्म एका मिनिटाच्या आत संपत असे. यात कोणी फसवणूक पाहील. मला त्यात एका कलेची पहिली जाणीव दिसते. यंत्र केवळ लावून ठेवून भागत नाही, त्याच्यासाठी प्रसंगाची रचना करावी लागते, हे त्यांना पहिल्याच वर्षी उमगले होते.

दादासाहेब फाळके यांचे उदाहरण मला त्याहून जवळचे वाटते. 1912 मध्ये, पहिला कथापट काढण्याआधी, त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी लावले, समोर कॅमेरा ठेवला आणि अंकुर फुटून वेल वाढेपर्यंत ते थोडे थोडे चित्रण करत राहिले. अनेक दिवसांची ती वाढ पडद्यावर मिनिटभरात उलगडली आणि ती पाहून भांडवल देणाऱ्याची खात्री पटली. रोपाची वाढ कोणाच्याही डोळ्यांना कधी दिसलेली नव्हती, तरी ती खरी होती. कॅमेऱ्याने काळ दुमडला म्हणून ती दिसली. इथे कॅमेरा साक्षीदाराचे काम करत नाही. डोळ्याला जे शक्य नाही ते तो घडवतो, आणि घडवलेले असूनही ते खोटे नसते. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात हे ज्याला समजले, त्याला सिनेमा समजला असे मी म्हणेन.

छायालेखक सुब्रत मित्र यांनी 1950 च्या दशकात आणखी एक गोष्ट दाखवली. स्टुडिओत उभारलेल्या घराच्या अंगणात आकाशातून उतरतो तसा मऊ, सावल्या न पाडणारा उजेड हवा होता, म्हणून त्यांनी वर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा प्रकाश त्याच्यावर टाकून परतवला. उजेड कृत्रिम होता, घर कृत्रिम होते, आणि त्या साऱ्याचा हेतू मात्र खऱ्या अंगणाशी प्रामाणिक राहण्याचा होता. जपानमध्ये यासुजिरो ओझू कॅमेरा जमिनीपासून थोड्याच उंचीवर ठेवत, बहुधा एकाच 50 मिलिमीटरच्या भिंगाने काम करत आणि तो क्वचितच हलवत. घरातल्या माणसांकडे वरून पाहायचे नाही, असा निर्णयच जणू त्या उंचीत आहे. या कलावंतांकडून शिकण्यासारखी गोष्ट अशी की त्यांनी आपली जागा लपवली नाही. पडद्यासमोर बसलेल्या प्रेक्षकाला हे कोणीतरी निवडलेले, रचलेले आहे हे माहीत असते आणि ते माहीत असूनच तो रडतो किंवा हसतो. या उघड करारामुळे सिनेमातला कॅमेरा, कितीही रचना केली तरी, बहुधा निरुपद्रवी राहतो. रस्त्यावरच्या आणि खिशातल्या कॅमेऱ्याशी आपला असा कोणताही करार झालेला नाही.

तो करार नसल्याने काय होते, हे लॉस एंजेलिसमध्ये 3 मार्च 1991 च्या रात्रीनंतर जगाने पाहिले. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलीस मारहाण करत असताना समोरच्या इमारतीतल्या जॉर्ज हॉलिडे या रहिवाशाने आपल्या सज्जातून हातातल्या व्हिडिओ कॅमेऱ्याने ते चित्रित केले. चित्रण दूरचित्रवाणीवर दाखवले गेले आणि ज्यांनी ज्यांनी पाहिले त्यांना वाटले की आता सिद्ध करायला काही उरलेच नाही. खटल्यात मात्र बचाव पक्षाने तीच फीत हत्यार म्हणून वापरली. तिचा वेग कमी केला, एकेक चौकट थांबवली, आणि प्रत्येक थांबलेल्या चौकटीवर तज्ज्ञाकडून वदवून घेतले की या क्षणी किंग यांचा पाय किंचित हलला, या क्षणी ते उठण्याच्या बेतात होते. सुरुवातीची काही सेकंदे, जी दूरचित्रवाणीवर बहुधा दाखवली जात नव्हती, त्यांवरही बचाव पक्षाने भर दिला. सलग पाहताना जी निर्घृण मारहाण होती, ती तुकड्यातुकड्यांत ‘प्रशिक्षणानुसार केलेली कारवाई’ झाली. 29 एप्रिल 1992 रोजी ज्युरीने चारही अधिकाऱ्यांना जवळपास सर्व आरोपांतून सोडले, आणि शहरात उसळलेल्या दंगलीत 50 हून अधिक माणसे मेली.

वेग कमी करणे ही वरकरणी तटस्थ गोष्ट आहे; उलट त्याने अधिक स्पष्ट दिसेल असेच कोणालाही वाटेल. पण 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की हिंसक कृत्याचे चित्रण मंदगतीने पाहिले की ते करणाऱ्याने ते जाणूनबुजून केले, असे पाहणाऱ्याला अधिक वाटते. मंदगतीत त्या माणसाला विचार करायला जणू भरपूर वेळ होता असा भास होतो. भावनेचा क्षण लांबवण्यासाठी सिनेमाचे दिग्दर्शक आणि संकलक ही युक्ती फार पूर्वीपासून वापरत आले आहेत. न्यायालयात तीच युक्ती कोणाला फाशीच्या जवळ नेऊ शकते, आणि तिथे तिला कोणी युक्ती म्हणत नाही.

25 मे 2020 रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला, तेव्हा पोलिसांच्या पहिल्या निवेदनात प्रकृती बिघडल्यामुळे झालेला मृत्यू अशा अर्थाचा मजकूर होता आणि एका पोलीस अधिकाऱ्याने त्यांच्या मानेवर दाबून ठेवलेल्या गुडघ्याचा उल्लेखही नव्हता. डार्नेला फ्रेझियर ही सतरा वर्षांची मुलगी पदपथावर उभी राहून फोनवर सारे टिपत होती. तिने चित्रण मध्येच थांबवले नाही, ती फार जवळ गेली नाही, तिने फोन खाली घेतला नाही. त्या सलगपणामुळे निवेदन उघडे पडले आणि पुढच्या वर्षी संबंधित अधिकारी दोषी ठरला. तिथल्या अधिकाऱ्यांच्या छातीवरही कॅमेरे होते. त्यांनीही चित्रण केले होते, पण ते लोकांपर्यंत पोहोचायला अनेक आठवडे लागले, कारण त्याची किल्ली लोकांच्या हाती नव्हती. दोन्ही कॅमेरे खरेच बोलत होते. फरक होता तो कोणता कॅमेरा कोणाच्या हातात होता याचा.

म्हणूनच पोलिसांच्या अंगावर कॅमेरे बसवले की वागणूक आपोआप सुधारेल, ही आशा मला पहिल्यापासून भाबडी वाटत आली आहे. वॉशिंग्टन शहरात 2,000 हून अधिक अधिकाऱ्यांवर यादृच्छिक पद्धतीने केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2017 मध्ये जाहीर झाले, आणि बळाचा वापर किंवा नागरिकांच्या तक्रारी यांत कॅमेऱ्यामुळे म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. अन्य शहरांतले निकाल वेगळेही आले आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. पण निकालांतला हा फरकच सांगतो की प्रश्न यंत्राचा नाही. बटण कोणी दाबायचे, बंद ठेवले तर काय शिक्षा, चित्रण किती दिवस ठेवायचे, आणि ज्याला मार बसला त्याला ते किती दिवसांत मागता येईल, या नियमांवर सारे अवलंबून आहे. नियम नसलेला कॅमेरा ज्याच्या अंगावर असतो त्याचीच बाजू सांगतो. शिवाय छातीवरच्या कॅमेऱ्यात तो घालणारा माणूस स्वतः दिसत नाही, समोरचा घाबरलेला चेहरा तेवढा दिसतो. लॅसिटर यांच्या प्रयोगातली पहिली चित्रफीत ती हीच.

इथपर्यंत मी कॅमेऱ्यामागच्या माणसाबद्दल बोललो. समोरच्या माणसाचा प्रश्नही तितकाच जुना आहे. 1888 मध्ये जॉर्ज ईस्टमन यांनी शंभर चित्रे घेता येतील अशी फिल्म भरलेला हातात मावणारा कॅमेरा विकायला काढला. फिल्म संपली की कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा, तिथून छापील चित्रे आणि नवी फिल्म भरलेला कॅमेरा परत यायचा. छायाचित्रकार होण्यासाठी रसायने शिकण्याची गरज संपली, आणि अवघ्या दोन वर्षांत, 1890 मध्ये, सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन वकिलांनी खासगीपणाच्या हक्काची मांडणी करणारा तो प्रसिद्ध लेख लिहिला, ज्यात क्षणात घेता येणाऱ्या छायाचित्रांचा उल्लेख धोका म्हणून स्पष्टपणे येतो. 1898 मध्ये जर्मनीचे माजी चान्सलर बिस्मार्क वारले, तेव्हा दोन छायाचित्रकारांनी रात्री त्यांच्या खोलीत शिरून मृतदेहाचे चित्र घेतले. त्या संतापातून जर्मनीत 1907 चा कायदा आला, ज्याने माणसाला स्वतःच्या चित्रावर हक्क दिला: काही अपवाद सोडता संमतीशिवाय ते प्रसिद्ध करता येणार नाही. कॅमेरा सर्वांच्या हातात येण्याच्या किती तरी आधी समाजाला हे सुचले होते, हे मला महत्त्वाचे वाटते. आज मात्र प्रत्येकाच्या खिशात यंत्र आल्यावर आपण त्या विचारापासून उलट दूर गेलो आहोत.

डोरोथिया लँग यांनी मार्च 1936 मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे वाटाण्याच्या तोडणीसाठी आलेल्या एका आईचे छायाचित्र घेतले. महामंदीचा चेहरा म्हणून ते जगभर गेले, आणि वृत्तपत्रात आल्यावर त्या छावणीसाठी अन्नमदत रवाना झाली. ती पोहोचली तोवर ते कुटुंब पुढे निघून गेलेले होते. आपण त्या स्त्रीचे नाव विचारले नाही, असे लँग यांनीच नंतर लिहिले आहे. 1978 मध्ये त्या स्त्रीचे नाव लोकांना कळले, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, आणि हे चित्र घेतले नसते तर बरे झाले असते, आपल्याला त्यातून काहीच मिळाले नाही, असे त्या म्हणाल्या. लँग यांच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. त्या चित्राने भले केले, हेही खरे. तरीही बेचाळीस वर्षे एका स्त्रीचा चेहरा सर्वांचा होता आणि तिचे नाव कोणाचेच नव्हते. चांगल्या हेतूने सुद्धा हा हिशेब पुरा होत नाही. आज रस्त्यात पडलेल्या, रडणाऱ्या, अपघातात सापडलेल्या माणसाचे चित्रण करून ते क्षणात हजारोंना पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांपाशी लँग यांच्याइतका हेतूही नसतो.

खांबावरच्या कॅमेऱ्यात हा प्रश्न सर्वांत टोकाला जातो, कारण तिथे कॅमेऱ्यामागे माणूसच नसतो. सुरक्षेसाठी तो हवा, असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद मी हलक्यात काढत नाही. चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा 2019 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा अशा कॅमेऱ्यांच्या परिसरात गुन्हे सरासरी 13 टक्क्यांनी घटलेले दिसले. पण सर्वाधिक फायदा वाहनतळांवर होता. हिंसक गुन्ह्यांत लक्षणीय घट आढळली नाही. तेव्हा वाहनतळावर कॅमेरा असावा, याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती वाहनतळाच्या आकड्यांवर शाळा, रुग्णालये, चौक आणि राहत्या इमारतींचे जिने यांना एकाच मापाने मोजण्याला, आणि एकदा बसवलेला कॅमेरा कायमचा, त्यातले चित्रणही कायमचे, असे गृहीत धरण्याला.

चेहरा ओळखणारी प्रणाली जोडली की तोच कॅमेरा वेगळे यंत्र होतो. जानेवारी 2020 मध्ये डेट्रॉइटजवळ रॉबर्ट विल्यम्स यांना त्यांच्या मुलींसमोर घराच्या अंगणात अटक झाली. दुकानातल्या चोरीच्या एका अंधुक चित्रणाशी त्यांचा जुना परवान्यावरचा फोटो संगणकाने जुळवला होता आणि तो जुळवणे चुकीचे होते. सुमारे तीस तास ते कोठडीत होते. चित्रण अस्सल होते, परवान्यावरचा फोटोही अस्सल होता. दोन खऱ्या चित्रांतून एक खोटे विधान तयार झाले. युरोपीय संघाने 2024 च्या कायद्याने सार्वजनिक जागी पोलिसांनी त्याच क्षणी, थेट चित्रणावरून, दुरून चेहरे ओळखण्यावर, काही अपवाद ठेवून, बंदी घातली, आणि इंटरनेटवरून किंवा पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांतून सरसकट चेहरे गोळा करून साठे उभारण्यावरही. अपवाद बरेच मोकळे आहेत, तरी दिशा मला योग्य वाटते.

‘ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही नाही त्याने कॅमेऱ्याला का घाबरावे’, असे विचारले जाते. विल्यम्स यांच्याकडे लपवण्यासारखे काही नव्हते. आणि हाच प्रश्न सत्ता असलेल्यांना विचारला, की चौकशीच्या खोलीत सलग चित्रण का नको, अंगावरचा कॅमेरा बंद का होता, तर कारणांची रांग लागते. यावरून मी एक भेद मानतो आणि कायद्यानेही तो मानावा असे मला वाटते. दुर्बळाने बलवानाचे सार्वजनिक वर्तन टिपणे आणि बलवानाने दुर्बळाचे जगणे टिपत राहणे, या दोन गोष्टींना एकच नियम लावणे अन्यायाचे आहे. पहिल्याला संरक्षण हवे: कर्तव्यावर असलेल्या अधिकाऱ्याचे चित्रण करणाऱ्या नागरिकाचा फोन हिसकावता येऊ नये. दुसऱ्यावर ओझे हवे: कॅमेरा का बसवला, तो काय पाहतो, चित्रण किती दिवसांनी पुसले जाईल आणि ज्याचे चित्र आहे त्याला ते कसे मागता येईल, हे कॅमेऱ्याशेजारीच लिहिलेले असावे. सरकारी यंत्रणा असो, मालक असो वा घरमालक, ज्याच्या हाती समोरच्याचे भवितव्य आहे त्याच्या कॅमेऱ्याने आधी स्वतःची ओळख सांगावी.

संगणकाने घडवलेल्या बनावट चित्रांमुळे ही सारी चर्चा जुनी झाली, असे म्हणणारेही आहेत. चित्र कुठल्या कॅमेऱ्यातून निघाले आणि नंतर त्यात काय बदल झाले, याची मोहोर चित्रातच बंद करण्याची पद्धत आता आली आहे. 2023 मध्ये लायका या कॅमेरा कंपनीने ती असलेला पहिला कॅमेरा बाजारात आणला. हे काम आवश्यक आहे आणि ते वाढावे. पण ही मोहोर फक्त एवढेच सांगेल की चित्र कॅमेऱ्यातून आले. हॉलिडे यांची फीत शंभर टक्के अस्सल होती. बनावटीच्या भीतीचा दुसरा परिणाम मला अधिक घातक वाटतो: खरे चित्रण समोर आले तरी ‘हे बनवलेले असेल’ असे म्हणून हात झटकण्याची सोय बलवानांना मिळते. त्याला उत्तर एकाच चित्रावर भिस्त न ठेवण्यात आहे. एका घटनेची दोन-तीन जागांवरची चित्रणे एकमेकांशी ताडून पाहता येतात. तीन अनोळखी माणसांनी तीन कोनांतून टिपलेली घटना नाकारणे फार कठीण असते.

घरातल्या कॅमेऱ्याबद्दल थोडेच म्हणायचे आहे. ज्या घरात पूर्वी एकच कॅमेरा असे, त्या घराच्या अल्बममध्ये एक माणूस जवळजवळ नेहमी गैरहजर असतो, कारण कॅमेरा त्याच्या हातात असे. त्याची गैरहजेरी वाचता येते; किंचित खालून वा वरून घेतलेल्या कोनातून त्याची उंचीही कळते. आज मुलांच्या जन्मापासूनची हजारो चित्रे आईवडील अनोळखी लोकांपुढे मांडतात आणि ज्याचे चित्र आहे ते मूल संमती देण्याच्या वयाचेही नसते. मूल बोलू लागले की त्याला विचारावे आणि त्याने नाही म्हटले तर ते मानावे, एवढी साधी गोष्टही अजून रूढ झालेली नाही. लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञांनी संग्रहालयात केलेल्या एका प्रयोगात असे आढळले की ज्या वस्तूंची लोकांनी छायाचित्रे घेतली त्या त्यांना, नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा, कमी आठवल्या. मात्र ज्यांना वस्तूच्या एखाद्या भागाजवळ भिंग नेऊन चित्र घ्यायला सांगितले होते, त्यांची स्मृती शाबूत राहिली, आणि तीही केवळ त्या भागाची नव्हे, साऱ्या वस्तूची. कुठे पाहायचे हे ठरवायला लागले की माणूस खरोखर पाहतो.

लिहिणे-वाचणे शाळेत शिकवले जाते. कॅमेरा मात्र कोणी शिकवत नाही, जरी बहुतेक मुले दिवसाचे कित्येक तास चित्रे पाहण्यात आणि घेण्यात घालवतात. यासाठी महागडे साहित्य लागत नाही. मैदानावरचे एक भांडण ठरवून घडवावे, मुलांच्या तीन गटांनी ते तीन जागांवरून फोनवर टिपावे, एका गटाने ते धक्काबुक्कीनंतर सुरू करावे, एकाने आधीपासून, आणि मग जी मुले त्या वेळी मैदानावर नव्हती त्यांना एकेक चित्रण वेगवेगळे दाखवून दोष कोणाचा, हे लिहून घ्यावे. तिन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी मांडली की पुढची चर्चा मुलेच सुरू करतील. न्यूझीलंडमध्ये पोलीस चौकशीचे चित्रण करताना अधिकारी आणि संशयित दोघेही चौकटीत सारखे दिसतील असा कॅमेरा ठेवण्याची पद्धत आहे. ती लॅसिटर यांच्या प्रयोगांशी जुळते. त्यासाठी नवे यंत्र आणावे लागले नाही, तिवई खोलीच्या दुसऱ्या बाजूला हलवावी लागली.